मदत हवी आहे: दशावतारी नाटकांच्या जुन्या टेप – बुरशी, चिकटपणा आणि आंबूस वास

नमस्कार मंडळी,

माझे मामा कुडाळकडचे. दशावताराचं त्यांना विलक्षण वेड. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मस्कतहून येताना त्यांनी अकाईचा स्पूलवाला (मोठ्या उघड्या रिळांचा) टेपरेकॉर्डर आणला आणि गावोगावच्या जत्रांमध्ये रात्रभर बसून नाटकं टेप केली. पुढे कॅसेटचा जमाना आल्यावर तर बॅटरीवरचा छोटा रेकॉर्डर कायम पिशवीत असायचा. मामा आता नाहीत. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली.

दशावताराची संहिता लिहिलेली नसते हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल. आख्यान ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, बाकी संवाद उभ्या उभ्या. तेच आख्यान त्याच मंडळाने दुसऱ्या जत्रेत केलं तरी बोलणं निराळं. यातले बरेच कलाकार गेले. त्यांची ती रात्र फक्त या टेपांवर आहे, त्यामुळे हात लावण्याआधी जाणकारांना विचारते आहे.

ट्रंकेत तीन प्रकारचा माल आहे.

कॅसेट सगळ्यात जास्त, बहुतेक टीडीके आणि सोनीच्या ९० मिनिटांच्या. कोकणातले इतके पावसाळे माळ्यावर काढलेले, त्यामुळे खिडकीतून पाहिलं की टेपच्या गुंडाळीवर कोळिष्टकासारखी पांढरी बुरशी दिसते. काहींच्या तोंडाशी तांब्याच्या पट्टीवर जो नमद्याचा चौकोनी तुकडा असतो तो गळून आत खुळखुळतोय.

७ इंची स्पूल थोडे. त्यातले काही अँपेक्स ४०७. बुरशी नाही, दिसायला एकदम स्वच्छ, मागची बाजू काळी. ओळखीच्या एका मेकॅनिकने त्यातला एक लावला, तर किंचाळल्यासारखा आवाज येऊन टेप अडखळायला लागली. लगेच बंद केला. हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकट थर बसला होता.

आणि त्याहून जुने दोन स्पूल, कोणाकडून तरी मिळालेले असावेत. डबा उघडला की लोणच्याच्या बरणीत व्हिनेगर ओतल्यासारखा वास.

चिकट टेप ओव्हनमध्ये 'भाजतात' असं ऐकलंय. ते घरी करावं का? सगळ्याच भाजायच्या का? बुरशी कशाने पुसायची? आणि आणखी एक: बऱ्या स्थितीतल्या एकाच रात्रीच्या कॅसेट ओळीने ऐकल्या तर आडदशावताराच्या (सुरुवातीच्या भागाच्या) वेळी पेटी ठीक वाटते, पण पहाटेच्या युद्धापर्यंत सूर चांगलाच वर चढलेला आणि माणसं भरभर बोलतात. हे टेप आखडल्यामुळे का?

–––

प्रतिसाद १

ताई, आधी ते वासाचे दोन स्पूल बाकीच्यांपासून वेगळे काढा, आजच. तो अ‍ॅसिटेट बेस आहे, म्हणजे टेपची मूळ पट्टी अ‍ॅसिटेट प्लास्टिकची आहे. त्यातून सुटणारं आम्ल त्याच टेपला आणखी कुजवतं आणि शेजारच्या टेपलाही बाधतं. खात्री करायची असेल तर स्पूल उजेडासमोर धरा: अ‍ॅसिटेटच्या गुंडाळीतून उजेड आरपार दिसतो, पॉलिएस्टरच्या नाही. अ‍ॅसिटेट कधीही भाजायचा नाही. तो ठिसूळ झालेला असतो, फास्ट रिवाइंडही नको.

अँपेक्सचं दुखणं वेगळं. चुंबकीय कण बेसला धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतली आर्द्रता शोषतं, त्याच्या रेणूंची साखळी तुटते आणि ते चिकट होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या, मागे काळा लेप असलेल्या अँपेक्स ४०६, ४०७, ४५६ आणि स्कॉच २२६ या टेप यासाठी कुप्रसिद्धच आहेत. यांना मात्र भाजणं लागू पडतं. भाजणं म्हणजे साधारण ५४ अंश सेल्सियसला निदान ८ तास, मध्ये एकदा स्पूल उलटवून. नंतर तितकाच वेळ थंड होऊ द्यायचं, मगच मशीनला लावायचं. गॅसचा ओव्हन, ओटीजी, मायक्रोवेव्ह यांतलं काहीही वापरू नका. ओटीजीचा काटा ५० म्हणतो तेव्हा आत ७० असू शकतं. फळं सुकवायचा गोल ट्रेचा डीहायड्रेटर किंवा प्रयोगशाळेतला इनक्युबेटर चालतो, पण आत वेगळा थर्मामीटर ठेवूनच. गुण काही आठवडेच टिकतो, तेव्हा कॉपी करायची सगळी तयारी झाल्याशिवाय भाजू नका.

कॅसेटना सहसा भाजायची गरज नसते. बुरशी ओली असेल, बोटाला फासत असेल, तर ती जिवंत आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवून आधी वाळू द्या. वाळली की गच्चीवर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने झटका. मग टेप कॅसेटच्या नव्या, स्क्रूवाल्या खोक्यात घाला, म्हणजे नमद्याचाही प्रश्न सुटतो. हाताने गुंडाळताना कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून टेप सरकवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मशीनच्या हेडला आणि कॅपस्टनला (टेप ओढणाऱ्या फिरत्या दांडीला), टेपला नाही. बुरशी न काढता कॅसेट चांगल्या डेकमध्ये लावली की तिथून बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

सूर चढण्याचं कारण बॅटरी. रात्र सरता सरता मामांचे सेल उतरत गेले, मोटर मंदावली, टेप हळू सरकली. आता तीच टेप पूर्ण वेगाने वाजली की सगळं भरभर आणि वरच्या पट्टीत. तुमचं नशीब चांगलं की पेटी आहे. तिच्या पट्ट्या रात्रीत बदलत नाहीत, त्यामुळे सुरुवातीची पट्टी प्रमाण धरून वेग कॉम्प्युटरवर दुरुस्त करता येतो. पण मूळ कॉपी जशी आहे तशीच ठेवा: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वॅव्ह. ९० मिनिटांच्या स्टीरिओ कॅसेटला सुमारे ३ जीबी लागतील. खरखर काढणं वगैरे दुसऱ्या प्रतीवर.

–––

प्रतिसाद २

वरच्या दादांचं हेडच्या कोनाबद्दल सांगायचं राहिलंय. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. मामांच्या रेकॉर्डरचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड एकाच कोनात असेलच असं नाही, आणि जरा फरक असला तरी आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा होतो. प्रत्येक कॅसेटला, कॉपी करण्याआधी, झांज वाजते तो भाग लावा आणि ती सगळ्यात लख्ख ऐकू येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवा. हेडफोनवर, मोनो करून. झांजेइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. गेलेले उंच स्वर नंतर सॉफ्टवेअरने परत येत नाहीत.

–––

दोघांचेही मनापासून आभार. आंबूस वासाचे स्पूल वेगळ्या खोलीत नेऊन ठेवले. उजेडासमोर धरले तर खरंच आरपार दिसतं. झांज तर प्रत्येक कॅसेटवर भरपूर आहे.

कॅसेटपासून सुरुवात करते, अँपेक्सला सध्या हात लावत नाही. मामांच्या अकाईचा पिंच रोलर (टेप दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक) वितळून चिकट झालाय, म्हणून शेवटचा प्रश्न: सावंतवाडी, पणजी किंवा कोल्हापूरकडे कोणाकडे सेकंदाला ९.५ सेंमी वेगाचं, चार ट्रॅकचं चालू स्पूल मशीन आहे का? किंवा असा रोलर नव्या रबरात ओतून देणारं कोणी माहीत आहे का? स्पूल घेऊन मी स्वतः येईन, कुरियरने पाठवणार नाही.