संशोधन जहाजावर इंटर्न: सीटीडीच्या पाळीत काय सांभाळावं?

नवी_लाट:
चार आठवड्यांच्या सागरी मोहिमेवर इंटर्न म्हणून निवड झाली आहे. पाळी रात्री १२ ते दुपारी १२. सीटीडीच्या (पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) बाटल्यांतून पाणी काढायचं आहे आणि ऑक्सिजनचे नमुने माझ्याकडे आहेत. विंकलर पद्धत (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजण्याची) प्रयोगशाळेत केली आहे. डेकवर काय वेगळं असतं? शिवाय बोट लागण्याची धास्ती आहेच.

खारं_पाणी:
अनुमापन (टायट्रेशन) नंतर निवांत होतं. ऑक्सिजन बिघडतो तो तोटीपाशी.

रोझेट (बाटल्या बसवलेली गोल चौकट) डेकवर आली की आधी गळती तपासा. बाटलीचा वरचा व्हेंट (हवा आत येण्याचं छिद्र) बंद ठेवून खालची तोटी उघडायची. दोनचार थेंब पडून पाणी थांबलं तर बाटली ठीक. वाहत राहिलं तर झाकण नीट बसलेलं नाही, किंवा व्हेंट आधीपासूनच सैल होता. तशी नोंद करा आणि पाळीप्रमुखाला सांगा.

व्हेंट उघडून पाणी काढायला लागलं की वर हवा शिरते, म्हणून क्रम मोडायचा नाही. सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन वायू) किंवा हेलियम यांचे नमुने घेणारे असतील तर ते पहिले, मग ऑक्सिजन, मग कार्बन, पोषकद्रव्यं, आणि क्षारता अगदी शेवटी.

नळी आधी भिजवून ठेवा आणि चिमटीत दाबून तिच्यातले बुडबुडे काढा. टोक फ्लास्कच्या तळाला टेकवा, पाणी हळू सोडा, फ्लास्कच्या निदान तिप्पट पाणी ओसंडू द्या. वाहत्या पाण्यातच नळी सावकाश वर घ्या. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड, याच क्रमाने, डिस्पेन्सरचं टोक पाण्याखाली बुडवून. बूच तिरकं धरून बसवा आणि जोरात हलवा. अर्ध्या तासाने पुन्हा हलवा आणि मानेभोवती पाणी भरून ठेवा, म्हणजे हवा आत ओढली जात नाही. आम्ल अनुमापनाच्या वेळी.

फ्लास्क आणि बूच यांची जोडी ठरलेली असते. आकारमान त्या जोडीचं मोजलेलं असतं, त्यामुळे बुचांची अदलाबदल झाली की हिशेब चुकला.

नमुना काढतानाचं पाण्याचं तापमानही लिहा. हिशेबात ते लागतंच, पण दुसराही उपयोग आहे. ३००० मीटरवरची म्हणून आलेली बाटली पृष्ठभागासारखी कोमट लागली, तर ती भलत्याच खोलीवर बंद झाली आहे. ही चूक पकडायला इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

विंचवाला:
डेकबद्दल थोडं. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पोलादी टोकाचे बूट. ताणलेल्या तारेवरून पाय टाकायचा नाही आणि दोरीच्या वेढ्यात उभं राहायचं नाही.

६० मीटर प्रति मिनिट वेग धरला तर ४००० मीटर उतरायलाच तासाहून अधिक लागतो. बाटल्या वर येताना बंद करतात, प्रत्येक खोलीवर साधारण अर्धा मिनिट थांबून. चौकटीने ओढत आणलेलं पाणी तेवढ्यात निघून जातं. तोवर फ्लास्क क्रमाने लावा. पुढच्या फेरीसाठी बाटल्या उघडताना सगळे व्हेंट आणि तोट्या बंद आहेत का, झाकणांच्या दोऱ्या एकमेकींत अडकल्या नाहीत ना, हे हात लावून पाहा. पहाटे नजरेवर विसंबू नका.

नवी_लाट:
धन्यवाद. बूच बसवल्यावर आत बुडबुडा दिसला तर?

खारं_पाणी:
लगेच दिसला तर तो नमुना टाकून त्याच बाटलीतून नवा घ्या, मात्र पुढच्या माणसाने काढायला सुरुवात करण्याआधी. नंतर दिसला तर टाकू नका, नोंदवा. खोल समुद्राचं थंड पाणी तापलं की वायू सुटल्यानेही बुडबुडा येतो. म्हणून फ्लास्क उन्हात ठेवू नयेत. सगळ्यात धोका कमी-ऑक्सिजनच्या थरात असतो: तिथे हवेचा लहानसा बुडबुडाही आकडा ठळक वाढवतो.

सागरगोटा:
बोट लागण्याचं औषध डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्यापूर्वी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावा कमी असतो. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं थोडंथोडं खा. स्क्रीनवरून नजर काढून क्षितिजाकडे पाहा. फारच मळमळलं तर पाळीप्रमुखाला आधीच सांगा, म्हणजे नमुना अर्धवट राहण्याआधी दुसरा माणूस तोटीपाशी येतो.

आणि नोंदी पेन्सिलने, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत).