वादळ कुठं जाणार ते बरोबर सांगतात, मग किती जोराचं होणार ते काऊन चुकते?

वावरवाला:
राजेहो, राहतो मी नागपुरात, वावर यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडकडे. सप्टेंबर 2021 मध्ये 'गुलाब' आलं तेव्हा टीव्हीवर आंध्रच्या किनाऱ्यावरचं कलिंगपट्टणम, कलिंगपट्टणम चालू होतं, म्हणून मी बिनधास्त. समुद्र आपल्यापासून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर! वादळ 26 तारखेला किनाऱ्यावर आलं आणि 28 ला तिकडे नांदेड-नागपूर एसटी पुलावरून वाहून गेली. आमची सोंगून ठेवलेल्या सोयाबीनची गंजी पाण्यात. तेव्हापासून बंगालच्या उपसागरात जरा कमी दाब झाला की मी मोबाइल घेऊन बसतो. एक पाहून राहिलो, नकाशावरचा बाण बहुतेक बरोबर जातो, पण जोराचा अंदाज सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. असं काऊन?

फुगेवाले काका:
भाऊ, नागपुरात सोनेगावला हवामान खात्यात माझी बरीच नोकरी फुगे सोडण्यात गेली. पहाटे पाचच्या सुमारास हायड्रोजनचा फुगा, खाली दोरीला डबी. ती वर जाता जाता तापमान, ओलावा, दाब कळवते आणि फुगा कसा वाहत गेला त्यावरून वरचा वारा समजतो. तुमच्या बाणाचं उत्तर त्या वाऱ्यात आहे. नाग नदीला पूर आला की भोवरे पाहिले असतील. भोवरा फिरतो आपल्या मनानं, वाहतो नदीच्या मनानं. वादळाची नदी म्हणजे हजारो किलोमीटर पसरलेले वरचे वारे. ते फुग्यांनी, उपग्रहांनी मोजता येतात, म्हणून दिशा सापडते.

जोर ही वेगळी भानगड आहे. समुद्र साधारण 26.5 अंशांच्या वर तापलेला पाहिजे, तोही नुसता वरवर नाही, 50 मीटर खोलपर्यंत. वाफ वर जाते, ढग होताना उष्णता सोडते, हवा आणखी वर उसळते, मधला दाब पडतो, आजूबाजूची हवा आत धावते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिला पीळ बसतो. विषुववृत्ताजवळ हा पीळच नाही, म्हणून तिथं वादळ सहसा जमत नाही. त्यात खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे असला, की ढगांचा मनोरा वाकडा होतो आणि बेत फसतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी वादळं कमी दिसतात ती यामुळेच.

आता गोम अशी की हा सगळा कारभार चालतो डोळ्याभोवतीच्या (डोळा म्हणजे वादळाचा मधला शांत भाग) काही डझन किलोमीटरच्या कड्यात, आणि तिथं डबी पाठवणार कोण? अमेरिकेत विमानं वादळात घुसतात. आपल्याकडे मुख्य भिस्त उपग्रहाच्या चित्रावर. ढगांची ठेवण पाहून जोर ठरवायचा, म्हणजे चेहरा पाहून वजन सांगायचं. 'अम्फान' 16 मे 2020 च्या संध्याकाळी साधं चक्रीवादळ होतं, 18 च्या दुपारी ताशी 222 किलोमीटरच्या वरची सुपर सायक्लोन. 2017 ला 'ओखी' तर कन्याकुमारीच्या तोंडाशीच वाढलं, मासेमार तेव्हा समुद्रात होते.

वादळाचं एक गंमतीचं म्हणजे ते स्वतःचाच चुलाही विझवतं. एकाच जागी रेंगाळलं की खालचं थंड पाणी घुसळून वर येतं आणि जोर उतरतो.

नंदनवनची मास्तरीण:
काका, पण दिशा कळली तरी केवढं काम होतं! 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. 2013 ला 'फायलिन' त्याच राज्यात गोपाळपूरला आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले, बळी शंभराच्या आत राहिले. मी वर्गात हेच सांगते. पोरं मात्र विचारतात, वादळाला गुलाब नाव कोणी ठेवलं? (पाकिस्ताननं सुचवलं होतं. एकदम शांतता.)

ऑरेंज_सिटी_बंटी:
आमचे आजोबा मुंग्यांची अंडी पाहून पाऊस सांगायचे. कधी चुकले नाहीत बे!

फुगेवाले काका:
बंटी, चुकले तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं का कोणी? आमचं चुकलेलं सगळं लिहिलेलं असते, तेवढाच फरक.

वावरवाला:
😄 काका, मग मी नेमकं काय बघू?

फुगेवाले काका:
विदर्भासाठी वादळाचा दर्जा बघत बसू नका. जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा तुटतो आणि वारा लवकर पडतो. 'तीव्र'चं 'कमी दाबाचं क्षेत्र' झालं म्हणून टीव्हीवाले दुसऱ्या बातमीकडे वळतात, पण ओलावा ढगातच असतो. तुम्ही दोनच गोष्टी बघा: ते पश्चिमेला सरकून राहिलं का, आणि किती हळू. हळू सरकलं की एकाच तालुक्यावर ओतते. तुमचा 'गुलाब'च घ्या. मेला म्हणता म्हणता अरबी समुद्रात पोचला, गरम पाणी मिळालं आणि 'शाहीन' नावानं ओमानला धडकला. मधे उमरखेड रस्त्यात होतं.

वावरवाला:
म्हणजे किनाऱ्यावर आल्यावर दोन दिवस हाती असतात. सोयाबीन काढायला हडंबा (मळणी यंत्र) मिळाला तर ठीक, त्या दिवसांत तोही मिळत नाही.