मे महिन्यात धोलावीरा, बाबांना घेऊन. जमेल का?

वाळूतलं_गाव, नाशिक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या. माझे बाबा 68 वर्षांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवला. सिंधू संस्कृतीचा धडा आला की फळ्यावर कच्छमधल्या त्या प्राचीन नगराचा, धोलावीऱ्याचा नकाशा काढायचे, किल्ला, मधलं नगर, खालचं नगर, आणि बाजूने तलाव. मी त्यांच्याच वर्गात होते, तो नकाशा अजून डोळ्यासमोर आहे. पण ते स्वतः तिथे कधी गेले नाहीत, आधी पगार पुरायचा नाही, मग आईचं आजारपण. यावर्षी न्यायचंच असं ठरवलंय. अडचण अशी की मुलीची पाचवीची परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि मला सुट्टी फक्त 4 ते 12 मे अशी मिळतेय, डिसेंबरमध्ये ऑफिसात वर्षअखेरचं काम असतं तेव्हा हलताच येत नाही. कच्छच्या रणात मे महिन्यात जाणं वेडेपणा आहे असं सगळे म्हणतायत. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत चांगली, रोज चार किमी चालतात. कोणी उन्हाळ्यात गेलंय का? कसं जायचं, किती दिवस, राहायचं कुठे? नुसतं जाऊ नका म्हणू नका प्लीज, म्हणायचंच असेल तर कारण सांगा.

भटका_सह्याद्री

ताई, मी तीन वर्षांपूर्वी मे मध्येच गेलोय, जमतं, पण दिवस उलटा लावावा लागतो. म्हणजे पहाटे पाचला उठायचं, उजाडलं की साईटवर, नऊ-साडेनऊला बाहेर, मग संध्याकाळी पाचपर्यंत खोलीतून पाय बाहेर काढायचा नाही. आम्ही पहिल्या दिवशी अकरापर्यंत रेंगाळलो आणि माझ्या मित्राला चक्कर आली, तिथे सावलीचं झाड शोधावं लागतं आणि दगड इतके तापतात की हात टेकवत नाही. उघडायची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळीच गेटवर विचारून ठेवा. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे शुक्रवार टाळा.

जायचं म्हणाल तर वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस, संध्याकाळी बसलं की सकाळी भुज. पुण्याहून पण भुजची गाडी आहे पण ती आठवड्यातून एकदाच, तुमच्या तारखांना जुळते का बघा. भुजहून पूर्वी भचाऊ, रापर, बालासर असा सव्वादोनशे किमीचा वळसा होता, आता खावड्याहून रणातून थेट रस्ता झालाय, रोड टू हेवन म्हणतात तो, त्यामुळे अंतर 140 च्या आत आलंय. दोन्हीकडे सपाट पांढरं, मध्ये सरळ डांबर. गाडी ड्रायव्हरसकट घ्या, एसी चालतो का ते निघायच्या आधी अर्धा तास चालवून बघा, स्टेपनीत हवा बघा, टाकी भुजलाच फुल करा. फोनला रेंज मध्येच जाते. माणशी पाच लिटर पाणी गाडीत हवंच.

कच्छची_सून

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन भुजला येऊन 19 वर्षं झाली. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मे मध्ये इथे 42-44 ला पारा सहज जातो पण घाम आल्या आल्या वाळतो, मुंबईसारखी चिकचिक नाही, आणि तोच खरा धोका आहे, कारण अंगातलं पाणी गेलेलं कळतच नाही. बाबांना तहान लागायची वाट बघू देऊ नका, दर अर्ध्या तासाने दोन घोट द्या. इथली माणसं डोकं आणि कान दोन्ही झाकतात, टोपीपेक्षा ओला पंचा गुंडाळलेला बरा. दुपारी जेवण हलकं, बाजरीचा रोटलो आणि छाश म्हणजे ताक, छाश तर भरपूर.

राहायला गावात होमस्टे आहेत, त्यात भुंगा, म्हणजे इथली गोल झोपडी, मिळाला तर भुंगाच घ्या. गोल मातीची भिंत, वर गवताचं छप्पर, दुपारी आत शिरलात की फरक लगेच कळतो. सिमेंटच्या खोल्या रात्री दहापर्यंत भट्टीसारख्या राहतात. सीझन नसल्याने बरेच जण बंद ठेवतात, म्हणून आधी फोन करून जेवणाचं पण विचारून घ्या.

आणि एक, वाटेत खावड्याजवळ काळो डुंगर आहे, कच्छमधली सगळ्यात उंच जागा, आणि वर देऊळ कुणाचं तर आपल्या दत्ताचं. तिथे आरतीनंतर कोल्ह्यांना भाताचा प्रसाद ठेवतात, भुकेल्या कोल्ह्यांना दत्ताने स्वतःचं अंग देऊ केलं अशी गोष्ट सांगतात. मी लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा इतक्या लांब परक्या मुलखात दत्त भेटला म्हणून तिथेच रडले होते. बाबांना नक्की न्या, संध्याकाळी वर वारा छान असतो.

आरोग्यदूत_48

तुम्ही कारण विचारलंय म्हणून स्पष्ट सांगतो, मी नर्सिंगमध्ये आहे. प्रश्न बाबांच्या चालण्याचा नाही, गोळीचा आहे. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, अशा माणसाला उन्हात पटकन डिहायड्रेशन होतं, उभं राहिल्यावर बीपी पडतं. जायच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून विचारा की या प्रवासात डोस तोच ठेवायचा का, आणि ओआरएस किती चालेल, कारण त्यात मीठ असतं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. डोकं दुखणं, मळमळ, बडबड असंबद्ध होणं यातलं काहीही दिसलं की तिथल्या तिथे ओल्या कपड्याने अंग पुसायचं, सावली, आणि सरळ हॉस्पिटल. मोठं हॉस्पिटल भुजला, म्हणजे किमान अडीच तास. हे गणित मान्य असेल तरच जा. माझं मत विचाराल तर मी माझ्या वडलांना मे मध्ये नेणार नाही.

वाळूतलं_गाव, नाशिक

@आरोग्यदूत_48 दादा, मनापासून आभार, हे कुणीच सांगितलं नव्हतं. गोळीचं नाव बघितलं, त्यात पाणी काढणारा भाग आहेच. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय, डॉक्टर नाही म्हणाले तर नाही.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले की दोन सकाळी मिळाल्या तरी पुरे. दोन सकाळींत काय काय बघावं, हे कोणी सांगेल का?

खापरतुकडा

मी पुण्यात पुरातत्त्व शिकतेय, साईटवर दोनदा गेलेय, एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलअखेर. सरांसाठी लिहिते.

पहिल्या सकाळी फक्त पाणी बघा. मला एप्रिलमध्येच ते गाव कळलं. जानेवारीत गार वाऱ्यात तलाव बघताना वाटतं छान बांधकाम आहे. एप्रिलमध्ये घसा कोरडा पडलेला असताना त्या पूर्वेच्या तलावाच्या काठावर उभं राहिलं, सुमारे 73 मीटर लांब, 29 रुंद, दहा मीटरहून खोल, आणि मोहेंजोदडोचं ते प्रसिद्ध स्नानगृह 12 बाय 7 चं, तेव्हा कळतं की या लोकांनी तटबंदीच्या आतली एवढी जागा आणि एवढी मेहनत पाण्यावर का घातली. गावाच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर, दोन्ही पावसाळी ओढे, वर्षातला बराच काळ कोरडे. त्यांना बांध घालून पाणी वळवायचं आणि एका तलावातून दुसऱ्यात सोडायचं. हे दीड हजार वर्षं वस्ती टिकलेलं गाव आहे, इसवीसनपूर्व 3000 ते 1500.

किल्ल्यातली विहीर चुकवू नका. काठाच्या दगडावर दोर घासून पडलेल्या खाचा आहेत. मी तिथे बोट लावून बघितलं होतं, अजून आठवलं की काटा येतो अंगावर. (आता हात लावू देत नसतील तर नुसतं वाकून बघा.)

दुसऱ्या सकाळी उत्तरेचा दरवाजा. तिथेच ती पाटी सापडली, सिंधू लिपीतली दहा मोठी चिन्हं, जिप्समच्या तुकड्यांनी बनवलेली, अजून कुणालाही वाचता आलेली नाहीत. सरांनी वर्गात सांगितलं असणारच. मग तिथून मोठं मैदान, मधलं नगर, आणि वेळ उरला तर मण्यांच्या कामाच्या जागा. इथे बांधकामात दगड भरपूर आहे, हडप्पासारखी सगळी भाजकी वीट नाही, ते पोरीला दाखवा.

सरांना हेही सांगा की पुरातत्त्वज्ञ जगतपती जोशींनी ही जागा 60 च्या दशकात नोंदवली पण रवींद्रसिंह बिश्तांचं उत्खनन 1990 च्या सुमारास सुरू झालं, म्हणजे सरांनी नोकरीच्या सुरुवातीला शिकवलं त्यातलं बरंच नंतर भर पडत गेलं असेल. 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. फॉसिल पार्क दहाएक किमीवर आहे, जुरासिक काळातली दगड झालेली झाडं, पण ते संध्याकाळी.

वाळूतलं_गाव, नाशिक

डॉक्टरांकडे जाऊन आले. डोस थोडा बदलून दिलाय, रोज सकाळ-संध्याकाळ बीपी बघायचं मशीन बरोबर न्यायला सांगितलंय, आणि साईटवर एकावेळी दोन तासांच्या वर नाही. 5 मेचं कच्छ एक्सप्रेसचं तिकीट मिळालं, तिघांना थर्ड एसी, परतीचं वेटिंग 11 आहे. शुक्रवार 8 ला येतो म्हणून 6 ला भुजलाच राहणार आणि काळो डुंगर करून 7 ला सकाळी साईट व म्युझियम, 8 ला पुन्हा साईट.

@कच्छची_सून ताई, भुंग्यावाल्यांशी बोलायला गुजराती येत नाही, तुम्ही माझ्या वतीने एक फोन कराल का? आणि बाबांनी विचारलंय, मे मध्ये भुजला केशर आंबा येतो का.

कच्छची_सून

करते की, आज संध्याकाळीच. केशर सुरू होतो तोवर, थोडा आंबटगोड असेल पण असतो. 6 तारखेला जेवायला आमच्याकडेच या, भाकरी आणि पिठलं करते, बाबांना तिखट चालतं का ते कळवा.