गोलघुमट: महंमद आदिलशाहाची खरी कबर कोणती, आणि तिथलं बाकीचं कसं वाचायचं?

पायवाट:
विजापूरचा गोलघुमट म्हटलं की माहिती मिळते ती सगळी प्रतिध्वनीची. पण ही मुळात एका राजाची कबर आहे, आणि शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते त्याच महंमद आदिलशाहाची (कारकीर्द १६२७ ते १६५६). तिच्याविषयी नीट काही सापडत नाही, म्हणून विचारतो.

मधल्या चौथऱ्यावर सहा कबरी दिसतात. त्यातली सुलतानाची कोणती आणि बाकीच्या कुणाच्या? देह तिथेच आहे की खाली? दक्षिण दारावरच्या फारसी लेखात मृत्यूचं साल आहे म्हणतात, पण फोटो मोठा करून पाहिला तरी एकही आकडा दिसत नाही. आणि एवढा घुमट मध्ये एकाही खांबाशिवाय उभा कसा?

चुनखडी:
चौथऱ्यावरच्या सहाही कबरी नुसत्या खुणेच्या आहेत. देह खाली तळघरात, मातीत. दफन जमिनीतच व्हायला हवं आणि वर दर्शनाला येणाऱ्यांसाठी जागाही हवी, यावरचा हा तोडगा. खाली खरी कबर आणि बरोब्बर तिच्या माथ्यावर, वरच्या मजल्यावर तिची प्रतिकृती. तळघराचा जिना पश्चिमेच्या दाराखालून उतरतो. खाली जाता आलं नाही तरी काही अडत नाही, वरचा क्रम तोच खालचा.

पूर्वेकडून मोजायला लागा. पहिली नातवाची, दुसरी धाकटी बेगम अरूस बीबीची, तिसरी सुलतानाची, चौथी त्याची आवडती नर्तकी रंभा हिची, पाचवी मुलीची आणि सहावी थोरल्या बेगमेची. मोजायचं नसेल तर लाकडी छत्री शोधा, ती सुलतानाच्या कबरीवर आहे.

लोक इथे दिशेत फसतात. भारतात किब्ला, म्हणजे मक्केकडची दिशा, पश्चिमेला धरतात. देह उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला, म्हणजे डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. त्यामुळे प्रत्येक कबर लांबीने दक्षिणोत्तर आणि त्यांची रांग पूर्व-पश्चिम. तुम्ही दक्षिणेच्या दारातून आत येता तेव्हा पायथ्याच्या बाजूने येता आणि पूर्व तुमच्या उजव्या हाताला असते. म्हणून मोजणी उजवीकडून डावीकडे. डावीकडून मोजलीत तर सुलतानाच्या जागी रंभा येते, आणि ही चूक फार जण करतात.

रंभेला बेगमांच्या रांगेत, सुलतानाला लागून जागा मिळाली आहे याकडे मुद्दाम लक्ष द्या. दरबारी बखरीत जे स्थान शोधावं लागतं ते इथे दगडात उघड मांडलेलं आहे.

हर्फमोजणी:
लेखात आकडे नाहीतच, साल अक्षरांत दडलेलं आहे. याला 'तारीख' काढणं म्हणतात. अबजद पद्धतीत अरबी लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, आणि कवी असं वाक्य रचतो की सगळ्या अक्षरांची बेरीज म्हणजे साल. या लेखात तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही तेच साल देतात. त्यातलं एक सोडवून दाखवतो: 'आकिबत मुहम्मद महमूद शुद'. अर्थ, महंमदाची अखेर प्रशंसनीय झाली.

आकिबत: ऐन ७०, अलिफ १, काफ १००, बे २, ते ४०० = ५७३
मुहम्मद: मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४ = ९२
महमूद: मीम ४०, हे ८, मीम ४०, वाव ६, दाल ४ = ९८
शुद: शीन ३००, दाल ४ = ३०४

५७३ + ९२ + ९८ + ३०४ = १०६७. हे हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेचं साल.

बेरीज चुकते ती ठरावीक ठिकाणी. देवनागरीवरून मोजू नका. 'मुहम्मद'मध्ये आपण दोन म जोडून लिहितो, पण मूळ लिपीत तो मीम एकदाच लिहिला जातो, म्हणून एकदाच मोजायचा. दोनदा धरलात तर ४० जास्त येतात. ऱ्हस्व स्वर लिहिलेच जात नाहीत, त्यांची किंमत शून्य. आपल्या 'क'साठी तिथे दोन अक्षरं आहेत, एक १०० चं आणि एक २० चं. 'ह'चीही दोन, ८ आणि ५. इथे दोन्हीतली मोठी किंमत घ्यायची.

आणि १०६७ मध्ये ६२२ मिळवून १६८९ करू नका! हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. आधी ०.९७ ने गुणा, मग ६२२ मिळवा. उत्तर १६५७ च्या जवळ येतं. प्रत्यक्षात १०६७ हे वर्ष ऑक्टोबर १६५६ ते ऑक्टोबर १६५७ असं चाललं, आणि सुलतान वारला तो नोव्हेंबर १६५६ मध्ये, म्हणजे नव्या वर्षाच्या अगदी सुरुवातीला.

रचनेचं सौंदर्य वेगळंच आहे. मुहम्मद आणि महमूद हे दोन्ही शब्द 'स्तुती' या एकाच धातूचे. नाव, त्याचा अर्थ आणि मृत्यूचं साल, तिन्ही चार शब्दांत बसवलंय. (जुन्या पुस्तकांत याच सुलतानाला महमूद म्हटलेलंही सापडेल, गोंधळू नका.)

कमानदार:
घुमटाचं मी सांगतो. आधी मापं घ्या, मग कोडं आपोआप सुटतं. आतलं दालन चौरस, बाजू सुमारे ४१ मीटर. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३७.९, बाहेरचा सुमारे ४३.९. दोन्हींतल्या फरकाचं निम्मं म्हणजे तळाशी भिंतीची जाडी, ३ मीटर. जमिनीपासून सुमारे ३३ मीटरवर आत फिरणारी गॅलरी आहे, रुंदी सुमारे ३.३ मीटर.

आता कागदावर चौरस काढा. प्रत्येक बाजूवर दोन, असे आठ बिंदू घ्या, सगळे मध्यापासून आणि शेजारच्या बिंदूंपासूनही सारख्या अंतरावर. एकाआड एक बिंदू जोडा. एकमेकांत ४५ अंशांनी फिरवलेले दोन चौरस तयार होतील. या दोन चौरसांची प्रत्येक बाजू म्हणजे वर एक कमान. आठ कमानी एकमेकींना छेदतात आणि त्यांच्यामधल्या पाकळ्या आत झुकत झुकत चौरसाचं वर्तुळ करतात.

मुख्य मेख पुढे आहे. कमानींनी सोडलेलं मधलं भोक ३१ मीटरच्या आसपासचं (३७.९ मधून गॅलरीची दोन्हीकडची रुंदी वजा करा), पण घुमट त्या कडेवर टेकवलेला नाही. तो मागे सरकवून बसवलाय, आणि मधे उरलेली पट्टी म्हणजेच गॅलरी. घुमटाचा जोर बाहेरच्या दिशेने असतो. आत झुकलेल्या पाकळ्या आणि गॅलरी यांचं वजन आतल्या दिशेने ओढतं. दोन्ही एकमेकांना तोलतात, म्हणून भिंतींवर बाहेर ढकलणारा जोर फार कमी उरतो. गॅलरी आवाजासाठी बांधली असं सांगितलं जातं. माझ्या मते ते उलट आहे: ती तोल साधण्यासाठी उरलेली जागा, कुजबुज हा तिचा लाभ.

घुमट विटांचा, चुन्याच्या जाड थरांत बांधलेला. 'अधांतरी घुमट' वगैरे काही नाही. बांधणाऱ्याचं नाव दाभोळचा याकूत असं सांगतात, म्हणजे आपल्या कोकणातलं बंदर.

पायवाट:
हर्फमोजणी, बेरीज कागदावर करून पाहिली, जमली! आणखी एक. बाकीचे आदिलशाहही विजापुरातच आहेत का?

चुनखडी:
सगळे नाहीत. युसूफ, इस्माईल, मल्लू आणि पहिला इब्राहिम हे चौघे गोगीला आहेत, कर्नाटकातल्या शहापूरजवळ, चंदा हुसैनींच्या दर्ग्यात. विजापुरात पहिल्या अलीपासून पुढचे. दुसरा इब्राहिम (मृत्यू १६२७) इब्राहिम रोझ्यात. गोलघुमटाआधी तो पाहा, म्हणजे बाप आणि मुलगा यांच्या बांधकामातला फरक कळेल. तिकडे आकार बेताचा आणि भिंतीभर कोरीव अक्षरं, इकडे भिंती जवळजवळ कोऱ्या आणि सगळा भर मापावर. दुसरा अली (मृत्यू १६७२) बारा कमानमध्ये. ते काम अर्धवट राहिलं, घुमट चढलाच नाही, त्यामुळे कबरी उघड्या आकाशाखाली आहेत. शेवटचा सिकंदर, ज्याच्याकडून १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं, त्याची कबरही शहरातच आहे. साधी, उघडी, वर कसलीही इमारत नाही.

कमानदार:
बारा कमान नक्की करा. तिथे कमानी अर्ध्यावर थांबल्यात, त्यामुळे गोलघुमटात गिलाव्याखाली झाकलेली दगडांची जुळणी तिथे उघडी दिसते. दगड कसे रचलेत आणि मधे चुना किती जाड आहे ते जवळ जाऊन बघता येतं.