आमच्यानंतर मुलांचं काय? वसाहत ठीक, पण शेतीधंदा मुलांच्याच मालकीचा असावा का

अजूनएकआई
आम्ही नाशिक-पुण्याकडची काही कुटुंबं, सगळ्यांची मुलं विशी-पंचविशीतली, कोणाला ऑटिझम, कोणाला डाउन सिंड्रोम. अठराला शाळा संपते, मग वर्कशॉपमध्ये पणत्या रंगवा, कागदी पिशव्या करा, आणि तेही बंद झालं की घर. निवासी संस्था बघून झाल्या. काही खरंच चांगल्या आहेत, पण सगळीकडे आपलं मूल शेवटपर्यंत लाभार्थीच. म्हणून आम्ही वसाहतीचा विचार करतोय, चार-चार जणांची छोटी घरं, सोबत राहणारे मदतनीस, आणि खर्चातला काही वाटा शेतीतून, म्हणजे भाजीची रोपवाटिका, धिंगरी अळंबी, गांडूळखत, थोड्या शेळ्या. माझा हट्ट असा की या धंद्याचे शेअर मुलांच्या नावावर हवेत, ट्रस्टच्या नाही. यावरून आमच्यातच दोन तट पडलेत. बोला, फक्त "तुमच्या हिमतीला सलाम" नको.

बांधावरचा
ताई, शेती केलीये का कधी? आम्ही शेतकरी घर चालावं म्हणून एक पोरगा एमआयडीसीत धाडतो आणि तुम्ही उलटं करताय, घर चालवायला शेतीत उतरताय. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा माझा माल चाळीतून निघून ट्रॉलीत भरलेला होता, दोन दिवसात भाव कुठच्या कुठे. मी शिव्या दिल्या आणि उधारीवर काढलं. तुमची मुलं काय करणार, मदतनीसांना सांगणार का की या महिन्यात पगार नाही? माणूस चोवीस तास लागतो तिथे, म्हणजे एका जागेला तीन पाळ्या, सुट्ट्या धरल्या तर जास्तच. एवढा पगार दोन-चार एकरातून निघत असता तर आमच्या गावातली पोरं पुण्याला डिलिव्हरी करत फिरली नसती.

नागपुरी_संत्रं
बांधावरचे, तुमचं दुःख मान्य पण आनंदवन विसरलात का राव. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, वरोऱ्याजवळ सरकारने दिलेली जमीन म्हणजे दगड नि झुडपं. बोटं झडलेल्या माणसांनी विहिरी खणल्या तिथे. सुरुवातीला त्यांची भाजी बाजारात कोणी हात लावून बघेना, मग परदेशी स्वयंसेवक तिथे राहून तीच भाजी खाताना दिसले तेव्हा लोकांची भीड चेपली असं सांगतात. पुढे मूलकडे सोमनाथ प्रकल्प उभा राहिला, तिथेही मुख्य काम शेतीचंच. म्हणजे ज्यांना समाजाने "यांच्याच्याने काय होणार" म्हणून बाहेर काढलं त्यांनीच पिकवून दाखवलं. अजून काय पुरावा पाहिजे?

हिशेबनीस
आनंदवनाबद्दल आदर आहेच, पण ते उदाहरण अजूनएकआईंच्या विरोधात जातं हे बघा. जमीन संस्थेची आहे, तिथे राहणाऱ्यांच्या नावावर नाही. शेती होती, जोडीला हातमाग होते, इतर उद्योग होते, आणि देणग्या-अनुदानं लागलीच, आजही लागतात. सात दशकांहून जास्त हे टिकलं ते संस्थेच्या मालकीत. दुसरं, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाला व्यवहार पूर्ण कळत होता, बाजार त्याला नाकारत होता ही त्याची अडचण. इथे अडचण वेगळी आहे. शेअरहोल्डर होणं म्हणजे नफ्याचाच मालक होणं नव्हे. पॉलिहाऊस वादळात गेलं, कर्ज थकलं, शेअरचे पैसे बुडाले, हे सगळं त्या मुलाच्या नावावर टाकून आपण त्याला सन्मान दिला म्हणायचं का? मी तर म्हणतो ट्रस्ट करा, भक्कम कॉर्पस, म्हणजे कायमचा निधी ठेवा, आणि शेती हौस म्हणून करा.

अजूनएकआई
हौस हा शब्दच मला खुपतो. पंचवीस वर्षांच्या मुलाने रोज चार तास ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाचा भुसा) भरायचं, बी टाकायचं, आणि त्याला हौस म्हणायचं? माझा मुलगा ट्रे भरतो तेव्हा एक कप्पा रिकामा राहत नाही, माझ्याकडून राहतो.

कोथिंबीर_जुडी
हे मी बोलणारच होते. मी एका निवासी संस्थेत काही काळ काम केलंय, नाव नको. तिथली मुलं गोठा, भाजी, स्वयंपाक सगळं करायची आणि कागदावर ती "व्यावसायिक थेरपी". भाजी विकली जायची, पैसे संस्थेच्या खात्यात. एकाने मला विचारलं होतं, माझे पैसे कुठेत? मी काय सांगणार, सरांना विचार म्हटलं. मालकीचं लांब राहू द्या, मजुरी तरी द्या. हजेरीपत्रक, स्वतःचं बँक खातं, दर महिन्याला जमा. एवढं झालं तरी अर्ध्या संस्थांच्या पुढे जाल.

वकीलबुवा
भावना बाजूला ठेवून कागदाचं बोलतो, लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्यात कोणाचा सातबारा आहे का? नसेल तर १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, ट्रस्टलाही परवानगी काढावी लागते. भाड्याने घेऊ म्हणाल तर जमीनमालक लेखी करार द्यायला कचरतो, त्याला वाटतं कूळ लागेल, कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून गावात सगळं तोंडी चालतं. तोंडी जमिनीवर तुम्ही घरं बांधणार का? आणि घरं बांधायची म्हणजे एनएचा (बिगरशेती वापराचा) प्रश्न वेगळाच.

आता शेअर. शेतकरी उत्पादक कंपनी हा प्रकार कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. दहा उत्पादक असले की काढता येते, आणि व्यक्ती सभासद असतील तर शेअर कितीही असोत, मत एकच. तुमच्या कल्पनेला ही चौकट जवळची आहे. २०१६ चा अपंग हक्क कायदाही सांगतो की अपंग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. पण करार कायद्याला सही करणाऱ्याला व्यवहार कळतो का हे बघायचं असतं. मग तुम्ही १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेणार, म्हणजे दहा सभासदांच्या दहा सह्या दहा पालक करणार. सभा कोणाची झाली ही? मुलांची की आईबापांची?

धाकटा_भाऊ
आणि आईबाप गेल्यावर? त्या सह्या आम्ही करणार, भावंडं. या सगळ्या चर्चेत आमचं नाव कोणी घेतलं नाही बघा. माझ्या दादाच्या नावावर उद्या शेअर आले, कंपनीने कर्ज घेतलं, तर बँकेचा फोन मला येणार. मी नोकरीला बंगळूरला, मला मिरचीवरचा चुरडा-मुरडा रोग कळत नाही. दादावर माझा जीव आहे म्हणूनच सांगतो, त्याच्या डोक्यावरचं छप्पर आणि कंपनीचा ताळेबंद एकमेकांना बांधू नका. कंपनी बुडाली तर बुडू दे, दादाची खोली जाता कामा नये.

मिरजेचा_सतारिया
धाकटा भाऊ लाखात एक बोललात. आमच्या म्हैसाळचं सांगतो. मधुकर देवलांच्या पुढाकाराने तिथल्या दलित कुटुंबांनी एकत्र येऊन संयुक्त सहकारी शेती संस्था चालवली, ती राज्यभर नावाजली गेली. म्हणजे हिशेबनीस काही म्हणोत, सामुदायिक मालकी ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. पण त्याच काळात महाराष्ट्रात कागदावर निघालेल्या कितीतरी संयुक्त शेती संस्था अनुदानापुरत्या जगल्या हेही खरं. चेअरमन एक आणि बाकीचे अंगठे, हे आपल्याकडे सांगायला नको.

नागपुरी_संत्रं
मग किबुत्झ, इस्रायलमधल्या त्या सामुदायिक शेतीवसाहती? आपले शेतकरी विमानं भरून त्या बघून येतात की.

हिशेबनीस
ठिबक बघून येतात, हिशेब बघून येत नाहीत. देगानिया, १९१० ची, सगळ्यात जुनी किबुत्झ, तिनेसुद्धा २००७ मध्ये सगळ्यांना सारखं ही पद्धत सोडून वेगवेगळे पगार सुरू केले. कित्येक किबुत्झांना तर आता शेतीपेक्षा कारखान्यांचा आधार जास्त. आणि जमीन तिथेही रहिवाशांची नाही, भाडेपट्ट्याची आहे.

अजूनएकआई
बरं, मग माझं म्हणणं नीट मांडते, पहिल्यांदा घाईत लिहिलं होतं. जमीन आणि घरं ट्रस्टकडे, त्यावर एक रुपयाचं कर्ज काढायचं नाही असं ट्रस्ट डीडमध्येच. मदतनीसांचा पगार कॉर्पसमधून आणि पालकांच्या मासिक रकमेतून, शेतीवर तो टाकायचाच नाही. बांधावरचे, इथे तुमचं ऐकलं. शेतीधंद्याची कंपनी वेगळी, ती ट्रस्टला जागेचं भाडं देईल, काम करणाऱ्याला मजुरी देईल, उरलं तर सभासदांना बोनस. पण सभासद मुलंच. सह्यांचं वकीलबुवा म्हणतात ते खरं आहे, तरी मत देता येत नाही असं कोणी ठरवलं? यंदा झेंडूची रोपं करायची की टोमॅटोची, मजुरीतून काही कापायचं का, नवीन माणूस घरात घ्यायचा का, हे चित्र दाखवून, दोन डब्यात खडे टाकून विचारता येतं. आमच्यातल्या काहींना शब्द फुटत नाहीत, आवडनिवड मात्र व्यवस्थित कळते, विचारा कोणत्याही आईला. ट्रस्टी बदलतात, आणि पुढच्या ट्रस्टीला ही शेती म्हणजे रिकामा प्लॉट वाटला तर त्याला अडवणारं कोणीतरी आत हवं की नको?

हिशेबनीस
खडे टाकून घेतलेला निर्णय आरओसी, म्हणजे कंपनी निबंधक, धरणार नाही.

अजूनएकआई
आरओसीला हवा तो कागद पालक देतील. पण सभेआधी खडे टाकले होते आणि पालकांनी त्याच्या उलट सही केली तर ते मिनिट्समध्ये कारणासकट लिहायचं, एवढी एक अट घालणार आहे मी. आमच्यातले तिघे अजून हिशेबनीसांच्याच बाजूचे आहेत.

धाकटा_भाऊ
ती अट चालेल मला. कंपनीच्या कर्जाला पालक किंवा भावंडांची वैयक्तिक हमी नाही, हेही लिहा त्यात.

वकीलबुवा
मग बँक कर्जच देणार नाही.

धाकटा_भाऊ
नको देऊ दे. ट्रे आणि कोकोपीटला कर्ज कशाला लागतं?

बांधावरचा
आत्ता कुठे जमिनीवर आलात. माझं अजूनही म्हणणं की पैसा सुटणार नाही, मजुरी सुटली तरी पेढे वाटा. रोपवाटिका करा, जवळपासच्या द्राक्ष-टोमॅटोवाल्यांच्या ऑर्डर आधी घ्या मग बी टाका. धिंगरी ताजी विकायला गिऱ्हाईक नसेल तर पहिल्या दिवसापासून वाळवायची सोय ठेवा, दोन दिवसात पिवळी पडते. शेळ्या सोडा, ऐन दिवाळीत मदतनीस रजेवर आणि शेळी व्यायला, कोण बघणार? आणि जमीन बघायला श्रावणात जाऊ नका, तेव्हा सगळीकडे हिरवंच असतं. एप्रिल-मेमध्ये जा, शेजारच्याची विहीर बघा, बोअर चालू करायला लावून तासभर तिथेच बसा. सिन्नरच्या पूर्वेला, त्या दुष्काळी पट्ट्यात बघत असाल तर दोन तास.