रेड ० चा ॲरे नव्या मशीनवर नेताना: डिस्क उचलून लावायच्या की डेटा कॉपी करायचा?

जुनी_मेमरी:
हा प्रश्न सारखा येतो म्हणून एकदाच नीट लिहितो. मदरबोर्डच्या रेडवर (अनेक डिस्क मिळून एकच डिस्क म्हणून वापरायची सोय) दोन डिस्कचा स्ट्राइप केलेला ॲरे, म्हणजे रेड ०, आहे, नवीन मशीन आलंय, तर दोन्ही डिस्क काढून तिकडे लावल्या की झालं ना? माझं मत विचाराल तर अजिबात असं करू नका. जुनं मशीन चालतंय तोवर सगळं तिसऱ्या डिस्कवर कॉपी करा, नव्या मशीनवर ॲरे नव्याने बनवा आणि डेटा परत भरा.

रेड ० मध्ये अख्खी फाईल एका डिस्कवर नसतेच हो. स्ट्राइप, म्हणजे एक तुकडा, १२८ केबीचा धरला तर १ एमबीच्या फोटोचे साधारण आठ तुकडे होतात, निम्मे इकडे निम्मे तिकडे, आणि ते कुठल्या क्रमाने जोडायचे हे डिस्कवरच्या छोट्याशा मेटाडेटात लिहिलेलं असतं. तो इंटेलच्या रेडचा असेल तर एएमडीच्या बोर्डच्या रेडला कळत नाही. मग होतं काय, पहिल्या डिस्कवर पार्टिशन टेबल दिसतं पण त्यातला आकार डिस्कपेक्षा मोठा, दुसरी डिस्क साफ कोरी दिसते, विंडोज विचारतं इनिशिअलाइझ करू का (डिस्क नव्याने तयार करू का), आणि माणूस घाईत हो म्हणतो. इथे पॅरिटी (हरवलेला भाग परत काढायची जादा माहिती) नाही, मिरर (दुसऱ्या डिस्कवरची प्रत) नाही, एका डिस्कवर चुकीचं लिहिलं गेलं की दुसरीवरून ते परत आणता येत नाही.

कर्नलवाला:
पूर्ण असहमत. तुम्ही मदरबोर्डच्या रेडचं दुखणं सगळ्या ॲरेंना चिकटवताय. लिनक्सच्या एमडीएडीएमचा (mdadm, सॉफ्टवेअर रेड चालवणारं टूल) ॲरे असेल तर तो मशीनला बांधलेला नसतोच. १.२ व्हर्जनचा सुपरब्लॉक (ॲरेचा मेटाडेटा ठेवणारा भाग) प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसलेला असतो, त्यात ॲरेचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), चंक साइज (तुकड्याचा आकार), ही डिस्क कितव्या नंबरची, सगळं असतं, त्यामुळे केबल उलटसुलट पोर्टला लावल्या तरी फरक पडत नाही. असेंबल स्कॅन (डिस्क शोधून ॲरे जोडायची कमांड) म्हटलं की ॲरे उभा. आणि इंटेलचा मेटाडेटाही एमडीएडीएम वाचतं, म्हणजे नवा बोर्ड एएमडीचा असला तरी लिनक्समधून डेटा दिसू शकतो.

शिवाय १६ टीबी डेटा सेकंदाला १५० एमबीने कॉपी करायला जवळपास ३० तास लागतात, आणि भरायला पुन्हा तेवढेच. जुन्या डिस्कना एवढं ताणायचं कशाला?

जुनी_मेमरी:
३० तास वाचायचा ताण ज्या डिस्कना झेपत नाही त्यांच्यावर रेड ० ठेवणंच धोक्याचं आहे. आणि एमडीएडीएमचं म्हणाल तर टूल चांगलंच आहे, मी वापरतो, पण ॲरे पहिल्या झटक्यात उभा राहिला नाही की लोक कुठूनतरी कमांड उचलतात आणि असेंबलच्या जागी क्रिएट (नवा ॲरे बनवायची कमांड) मारतात. क्रिएट जुना सुपरब्लॉक पुसून नवा लिहितं. डिफॉल्ट चंक पूर्वी ६४ केबी होता, नंतरच्या व्हर्जनमध्ये ५१२ झाला, म्हणजे जुना ॲरे नव्या टूलने असा क्रिएट केला की ॲरे दिसतो चालू पण आतल्या फाईलींचा चुरा.

शांत_पंखा:
कर्नलवाला, एक गोष्ट तुम्ही सोडलीत. ॲरेत तीन किंवा जास्त डिस्क असतील, त्या वेगवेगळ्या साइजच्या असतील आणि सगळ्यात लहान डिस्क संपल्यावरही दोन तरी उरत असतील, तर ३.१४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) रेड ० चा लेआउट, म्हणजे तुकडे मांडायची पद्धत, बदलला, आणि जुना कुठला नवा कुठला हे सुपरब्लॉकमध्ये लिहिलेलंच नव्हतं. म्हणून ५.४ पासून कर्नल असा ॲरे चालू करायलाच नकार देतं, डिफॉल्ट लेआउट १ की २ ते तुम्ही सांगा म्हणतं. ३.१४ च्या आधी लिहिलेला असेल तर १, नंतरचा असेल तर २. चुकीचा आकडा दिलात की लहान डिस्क जिथे संपते त्याच्या पुढचा सगळा भाग भलतीकडून वाचला जातो, आणि त्यात लिहिलंत तर खराबच होतो.

विंडोजवाल्यांसाठी: डायनॅमिक डिस्कचा (विंडोजचा स्वतःचा सॉफ्टवेअर रेड) स्ट्राइप्ड व्हॉल्यूम असेल तर दोन्ही डिस्क एकदम लावा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये फॉरेन (दुसऱ्या मशीनच्या) दिसतील, तिथे इम्पोर्ट करायचं, इनिशिअलाइझ नाही. मदरबोर्डच्या रेडवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधी हातात घ्या.

कर्नलवाला:
साइजचा मुद्दा बरोबर, तो लिहायला हवा होता. पण सारख्या साइजच्या डिस्क, एमडीएडीएमचा ॲरे, तर मी थेटच हलवणार. आधी प्रत्येक डिस्कचं एक्झामिन (सुपरब्लॉक दाखवणारी कमांड) चालवून आउटपुट सेव्ह करून ठेवतो, मग मशीन बंद. त्यासाठी तिसरी डिस्क विकत घ्या हे सांगणं मला पटत नाही.

जुनी_मेमरी:
तिसरी डिस्क हलवण्यासाठी नाहीच मुळी, ती बॅकअपची आहे जी रेड ० वाल्याकडे पहिल्या दिवसापासून असायला हवी. ती असेल तर खुशाल थेट हलवा, मी अडवणार नाही. नसेल तर तुमचा एक्झामिनचा आउटपुट कितीही नीट असला तरी काढताना एक डिस्क हातातून पडली की संपलं, उरलेल्या डिस्कवर प्रत्येक मोठ्या फाईलचा एकाआड एक तुकडा.

नवखा_०७:
माझं जुनं मशीन चालूच होत नाहीये, बोर्ड गेलाय, इंटेलचा रेड होता. मग कॉपीचा पर्याय उरतच नाही ना?

कर्नलवाला:
उरतो. नव्या मशीनमध्ये विंडोज चालू करूच नका. सेटा मोड एएचसीआय (रेडशिवायचा साधा मोड) ठेवा, लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, आधी एक्झामिनमध्ये दोन्ही डिस्क एकाच ॲरेच्या दिसतायत का बघा, मग रीडओन्लीमध्ये असेंबल आणि पार्टिशनही रीडओन्लीच माउंट.

जुनी_मेमरी:
आणि एखादी डिस्क कटकट आवाज करत असेल किंवा रीड एरर देत असेल तर असेंबलच्या आधी दोन्हीची डीडीरेस्क्यूने (खराब डिस्क वाचायचं टूल) इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढा आणि पुढचं सगळं इमेजवर करा.