मदत हवी आहे: एआय मदतनिसाच्या स्मृतिशोधाला काळाचे भान कसे द्यावे?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात माझ्या काकांचे चार खोल्यांचे गेस्ट हाऊस आहे. त्यांच्यासाठी मी एक छोटा एआय मदतनीस तयार केला आहे. काका दिवसभरात जे बोलून ठेवतात त्याचा मजकूर होतो, प्रत्येक नोंदीचे एम्बेडिंग (अर्थ आकड्यांत मांडणारी यादी) पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजीव्हेक्टर या जोडणीच्या साहाय्याने साठवले जाते आणि प्रश्न विचारला की अर्थाने सर्वांत जवळच्या आठ नोंदी मॉडेलपुढे ठेवल्या जातात. जुन्या वह्याही त्यात भरल्यामुळे २०१८ पासूनच्या सुमारे सहा हजार नोंदी जमल्या आहेत.

अडचण अशी की अर्थाची जवळीक मोजणाऱ्या या शोधाला जुने आणि नवे यांतला फरक कळत नाही. आमच्याच तालुक्यातल्या मोपा विमानतळाहून प्रवासी विमाने ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. त्याआधीच्या वह्यांत विमानतळ म्हणजे दूरचा दाबोळीच. गेल्या महिन्यात मोपाला उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी गाडी केव्हा पाठवायची असे काकांनी विचारले, तेव्हा मदतनिसाने दाबोळीच्या अंतराचा हिशेब सांगितला आणि गाडी दीड तास आधीच जाऊन उभी राहिली. (चालकाने त्या दीड तासाचे पैसे मागितले, ते वेगळेच.)

त्यावर उपाय म्हणून मी संगणकीय पात्रांच्या स्मृतीवरील २०२३ च्या एका प्रसिद्ध शोधनिबंधातली पद्धत उचलली, जिच्यात नोंदीच्या ताजेपणाचा गुण दर तासाला ०.९९५ ने गुणला जातो. हिशेब मात्र मी नंतर केला: या दराने तो गुण पावणेसहा दिवसांत निम्मा होतो आणि महिन्याभरात ३ टक्क्यांच्याही खाली जातो. खेळातल्या गावात दोन दिवस वावरणाऱ्या पात्रांना हे पुरेसे असेल. परंतु आमच्याकडे आठ महिन्यांपूर्वी येऊन गेलेल्या एका बाईंना कोळंबीची ॲलर्जी आहे, ही नोंद त्या पुन्हा आल्या तेव्हा वर आलीच नाही. सुदैवाने काकूंच्या ते लक्षात होते. शिवाय त्या पद्धतीत तास मोजले जातात ते नोंद शेवटची वापरली गेल्यापासून, त्यामुळे दाबोळीची चुकीची नोंद एकदा वर आली की ती पुन्हा ताजी होऊन बसते.

तिसरा पेच चवथीचा (गणेश चतुर्थीचा) आहे. मागच्या चवथीला खोल्या किती दिवस बंद ठेवल्या होत्या, या प्रश्नाला गेल्या आठवड्यातल्या नोंदी निरुपयोगी आणि वर्षापूर्वीचीच नोंद मोलाची असते. बरोबर ३६५ दिवस मागे जाऊनही भागत नाही, कारण चवथ २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला.

आता प्रत्येक नोंदीला 'केव्हापासून खरी' आणि 'केव्हापर्यंत खरी' असे दोन स्तंभ जोडले आहेत. मात्र नव्या नोंदीने कोणती जुनी नोंद रद्द झाली हे कोणी ठरवायचे, ते मला सुचत नाही. आणि तारखेची अट घातली की आठऐवजी कधी कधी दोन-तीनच नोंदी हाती येतात. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

नोंदी कमी येण्याचे कारण बहुधा एचएनएसडब्ल्यू निर्देशांक (सगळ्या नोंदी न तपासता जवळच्या नोंदी झटपट, पण अंदाजाने शोधून देणारी रचना) हे असावे. पीजीव्हेक्टर आधी निर्देशांकातून जवळच्या नोंदी उचलतो, मूळ मांडणीत साधारण चाळीस, आणि तारखेची अट त्यांनाच नंतर लावतो. ०.८.० आवृत्तीपासून पुरेशा नोंदी मिळेपर्यंत पुढे शोधत राहण्याची सोय आहे, पण सहा हजार नोंदींसाठी निर्देशांकाची गरजच नाही. तो काढून टाकावा आणि सरळ सगळ्या नोंदी तपासाव्यात.

ॲलर्जीसारखी गोष्ट शोधाच्या भरवशावर ठेवूच नये. ती पाहुण्याच्या नावाशी बांधून, तो आला की विनाअट पुढे ठेवावी. रद्द काय झाले हे मॉडेलला नोंद लिहितानाच विचारावे: नव्या नोंदीजवळच्या पाच जुन्या नोंदी दाखवून त्यांपैकी कोणती आता खरी राहिली नाही असे विचारावे, आणि काकांनी हो म्हटल्यावरच जुनीचा 'केव्हापर्यंत' भरावा. जुनी नोंद पुसू नये, कारण २०२२ मध्ये काय होते असा प्रश्न उद्या येऊ शकतो. 'कळल्याची तारीख' (वहीत लिहिल्याची, आता भरल्याची नव्हे) हा तिसरा स्तंभही ठेवावा. तुम्ही वह्या आता भरल्या आहेत, म्हणून त्याशिवाय सगळ्या जुन्या गोष्टी यंदाच्याच वाटतील.

चवथ, शिगमो (गोव्यातला शिमगा) यांसाठी वर्षनिहाय तारखांचा लहान तक्ता करून प्रश्नातल्या सणाचे आधी तारखांत रूपांतर करावे आणि मगच शोधावे. ताजेपणाचा गुण फक्त किरकोळ गप्पांच्या नोंदींना लावला तरी चालेल. वह्यांतल्या नोंदींवर पूर्ण तारीख आहे का, की फक्त महिना?

धागाकर्ता:

निर्देशांक काढताच आठही नोंदी मिळू लागल्या, मनापासून आभार. वह्यांत बहुतेक ठिकाणी पूर्ण तारीख आहे, पण काही पानांवर काकांनी नुसते 'चवथीच्या आदल्या आठवड्यात' असे लिहिले आहे, तेव्हा तक्ता आधी त्या पानांसाठीच वापरावा लागणार.